मिस्टरांचं रिटर्न

गेल्या सप्टेंबरात एका बाईंचे ३२,५६० रुपये गेले. आकडा पाठ आहे, कारण तो मीच काढला होता. ते कसे गेले हे लिहून काढल्याशिवाय माझ्या डोक्यातून जाणार नाही.

नाशिकला सिडकोत माझं करसल्लागाराचं ऑफिस आहे. मी आणि दोन सहायक मुली. क्लायंट बहुतेक अंबड आणि सातपूरच्या कंपन्यांतले पगारदार. आयकर रिटर्नच्या मुदतीच्या शेवटच्या आठवड्यातले प्रश्न दरवर्षी तेच असतात. तारीख वाढणार का? फॉर्म १६ (पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला) मिळाला म्हणजे रिटर्न झालंच ना? कंपनीने टॅक्स कापलाय, मग पुन्हा कशाला भरायचं? २०२५ मध्ये त्यात एका प्रश्नाची भर पडली: ‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही ना मॅडम?’ ती सवलत १ एप्रिल २०२५ पासूनच्या उत्पन्नाला. आम्ही भरत होतो ते त्याच्या आदल्या वर्षाचं, तिथे नव्या पद्धतीतली (दर कमी, पण बहुतेक वजावटी नाहीत) सूट ७ लाखांपर्यंतच होती. लोकांना मी दोष देत नाही. अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर आकडा मोठ्या अक्षरांत येतो, कुठल्या वर्षाला लागू ते कुणी सांगत नाही. मग ते सांगणं सप्टेंबरात आमच्या गळ्यात पडतं.

१५ सप्टेंबर, सोमवार. मुदत ३१ जुलैवरून त्या तारखेपर्यंत वाढवलेली होती. पितृपंधरवडा चालू होता, तरी ऑफिसच्या जिन्यापर्यंत माणसं. सकाळपासून आयकर पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे करदात्याच्या वर्षभराच्या व्यवहारांची विभागाकडची यादी, उघडत नव्हतं, नुसतं चक्र फिरायचं आणि मग पोर्टल बाहेर काढायचं. २६एएस, म्हणजे नुसती कापलेल्या टॅक्सची नोंद, पाहून काम भागवू नका, असं मी मुलींना नेहमी बजावते, कारण बचत खात्याचं व्याज आणि शेअरची विक्री एआयएसमध्येच सापडते. पण त्या दिवशी माझाच नाइलाज झाला होता. ज्यांची कागदपत्रं जुलैतच आली होती त्यांचीही काही रिटर्न्स आम्ही शेवटच्या दिवसावर ढकलली होती. मुदत वाढली की आम्हीही सैलावतो, हे खरं आहे.

साडेबाराच्या सुमाराला त्या आल्या. चाळिशीच्या, बरोबर दीर. पिशवीतून प्लॅस्टिकचं फोल्डर काढलं. फॉर्म १६, गृहकर्जाचा व्याजाचा दाखला, एलआयसीच्या पावत्या, सगळं क्रमाने लावलेलं. इतकं नीटनेटकं फोल्डर शेवटच्या दिवशी कधी येत नाही. ‘मिस्टरांचं रिटर्न आहे,’ त्या म्हणाल्या. सहायक मुलीने पॅन टाकला आणि पासवर्ड विचारला.

‘पासवर्ड नाही माहिती.’

‘मग त्यांना फोन लावा ना.’

दिरांनी एक फोन टेबलावर ठेवला. ‘त्यांचा फोन हाच. वहिनींनी रिचार्ज बंद केलेला नाही. ओटीपी येतो, सकाळीच बघितलंय.’ आणि मग हळूच, ‘दादा नोव्हेंबरमध्ये वारले.’

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या क्लायंटचं काम थांबवून त्या टेबलावर गेले.

फॉर्म १६ वाचताना मला अंदाज यायला हवा होता, कारण पगार आठच महिन्यांचा होता. महिना १,०५,००० प्रमाणे ८,४०,०००. कापलेला टॅक्स ५३,९०४. आठ महिन्यांच्या पगाराला एवढा टॅक्स कसा? कंपनी दरमहा टॅक्स कापते तो वर्षाच्या अंदाजावर. बारा महिन्यांचा पगार १२,६०,००० धरून, नव्या पद्धतीने वर्षाचा टॅक्स ८०,८६० येतो, त्याचा बारावा भाग दर महिन्याला. एप्रिलपासून ते गृहस्थ वर्षभर पगार घेतील असं धरून कापत गेले. शेवटच्या महिन्यात हिशेब फिरवून जास्तीचं परत देता आलं असतं. पगार विभागातल्या कुणीतरी दहा मिनिटं द्यायला हवी होती. दिली नाहीत.

जुन्या पद्धतीने, म्हणजे वजावटी घेऊन, मी तिथेच कागदावर मांडलं. ८,४०,००० मधून प्रमाणित वजावट ५०,०००, घरकर्जाचं व्याज २ लाख, विमा-बचतीच्या कलम ८०सी चे दीड लाख. राहिले ४,४०,०००. पाच लाखांच्या आत, म्हणजे कमी उत्पन्नाला मिळणारी कलम ८७ए ची सूट मिळून टॅक्स शून्य. ५३,९०४ पूर्ण परत. मृत्यूच्या तारखेपर्यंतचं रिटर्न वारसाने भरायचं, ते कलम १५९ नुसार वारसाचं कामच आहे. दिरांना वाटत होतं माणूस गेला म्हणजे रिटर्नही संपलं. वहिनींना तसं वाटत नव्हतं. त्यांच्या नवऱ्याच्या फोनवर विभागाचे मेसेज येत होते, मुदत जवळ आली आहे, विवरणपत्र भरा. दर मेसेज त्यांनी वाचला होता.

अडचण अशी की वारसाला मृताच्या लॉगिनमधून रिटर्न भरता येत नाही. वारसाने आपल्या पॅनच्या लॉगिनमधून ‘रिप्रेझेंटेटिव्ह असेसी’ म्हणून विनंती टाकायची. सोबत मृताचा पॅन, मृत्यूचा दाखला, आणि वारस असल्याचा पुरावा. विभागाने ती मंजूर केली की मगच मृताचं रिटर्न भरता येतं. मंजुरीला काही दिवस लागतात. आमच्याकडे रात्री बारापर्यंतचा वेळ होता.

आणि टेबलावर तो फोन.

दिरांचं म्हणणं सरळ होतं. ‘पासवर्ड रीसेट करा, ओटीपी मी सांगतो, पाच मिनिटांचं काम. बाहेरचा माणूस पाचशे रुपयांत करून देतो म्हणाला.’ माझ्या ओळखीच्या एका सल्लागाराला मी फोन केला तर तोही म्हणाला, आज अपलोड करून टाक, कोण बघतंय. बघत कोणीच नाही, हे मलाही माहीत आहे. पण रिटर्नच्या शेवटी प्रतिज्ञापन असतं: मी, अमुक, अमुकचा मुलगा, प्रतिज्ञापूर्वक सांगतो की ही माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे. खाली तारीख १५ सप्टेंबर २०२५. दाखल्यावर मृत्यूची तारीख नोव्हेंबर २०२४. ही दोन कागदं उद्या कुणी शेजारी ठेवली तर उत्तर त्या बाईंना द्यावं लागणार, पाचशे घेणाऱ्याला नाही. मी नाही म्हटलं. दिरांना राग आला. त्यांच्या जागी मलाही आला असता.

सोमवार होता, बँका चालू होत्या. सगळ्यांत लवकर मिळणारा पुरावा म्हणजे बँकेचं पत्र: लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, मृताच्या खात्यावर नॉमिनी कोण होतं ते सांगणारं. तहसीलचा वारस दाखला त्या दिवशी मिळणं शक्य नव्हतं. मी पत्राचा मसुदा छापून दिला आणि बाईंना शाखेत पाठवलं. अशा पत्राची मागणी बँकेत रोज येत नाही, म्हणून मसुदा हातात असला की काम होतं. साडेचारला त्या पत्र घेऊन परत आल्या, घामाघूम. त्यांच्या स्वतःच्या पॅनने कधी लॉगिनच केलं नव्हतं, म्हणून आधी ती नोंदणी. पोर्टल तीनदा अडकलं. पाच चाळीसला विनंती दाखल झाली.

‘आता?’ त्यांनी विचारलं.

आता वाट बघायची. त्या रात्री उशिरा बातमी आली, मुदत एक दिवसाने वाढून १६ सप्टेंबर. युटिलिटीत, म्हणजे रिटर्न भरायच्या प्रणालीत, बदल करायला पोर्टल रात्री बारा ते अडीच बंद. मी अडीचलाही जागी होते. दुसऱ्या दिवशी दर तासाला त्यांच्या लॉगिनमध्ये जाऊन पाहत होते. विनंती प्रलंबित. रात्री बाराला प्रलंबितच.

मंजुरी १९ तारखेला आली.

मुदतीनंतरचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, हे लोकांना ठाऊक असतं. पगारदाराला जुनी पद्धत निवडायची तर ती मुदतीच्या आत भरलेल्या रिटर्नमध्येच निवडावी लागते, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. तारीख गेली की नवी पद्धत. तिथे घरकर्जाचं व्याज नाही, ८०सी नाही. ८,४०,००० मधून तिथली प्रमाणित वजावट ७५,००० वजा, ७,६५,००० वर टॅक्स २६,५००, उपकरासह २७,५६०. वर कलम २३४एफ चं विलंब शुल्क ५,०००. परतावा ५३,९०४ ऐवजी २१,३४४. उशिराच्या दंडाबद्दल विचारणारे ‘पाच हजारच ना?’ म्हणतात, तेव्हा मला आता ही बेरीज आठवते. घरकर्ज असलेल्या माणसाला पाच हजार हा दंडाचा छोटा तुकडा आहे.

इथवर माझ्याकडे दोष द्यायला माणसं होती. कंपनीचा पगार विभाग. पोर्टल. मृत माणसाचं रिटर्न भरायची वाट कर्मचाऱ्याच्या मंजुरीवर ठेवणारी व्यवस्था, जिला मुदतीच्या आठवड्यात वेगळी रांग नाही. अजूनही मला ते दोष खरे वाटतात.

१६ तारखेच्या रात्री मी रजिस्टर आवरत होते. आमच्याकडे फोनवरच्या चौकशांचं जाड रजिस्टर आहे, कोण, काय, केव्हा येणार. बाईंनी बोलता बोलता म्हटलं होतं की मी आधी कुठेतरी फोन केला होता, त्यांनी सप्टेंबर सांगितलं. मला वाटलं दुसरं ऑफिस असेल. मी मागची पानं उलटली. जूनचा दुसरा आठवडा. त्यांचं नाव, त्यांचा नंबर. ‘मिस्टरांचं रिटर्न. खाजगी नोकरी. घरकर्ज आहे. मुदत वाढली असे सांगितले. ऑगस्टअखेर येणार.’

अक्षर माझं होतं.

त्या दिवशी मी काय बोलले असेन ते मला न आठवताही सांगता येतं, कारण जूनमध्ये मी सगळ्यांना तेच सांगत होते. घाई नको, फॉर्म १६ येऊ दे, २६एएसमध्ये आकडे येऊ देत, मुदत सप्टेंबरपर्यंत आहे. हे चूक नाही. जूनच्या सुरुवातीला घाई केली तर टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला टॅक्स, जुळत नाही. पगारदार का, घरकर्ज आहे का, दोन नोकऱ्या होत्या का, हे मी विचारते. ते हयात आहेत का, हे मी एकोणीस वर्षांत कुणाला फोनवर विचारलेलं नाही. विचारलं असतं तर जूनमध्येच विनंती टाकली असती, जुलैच्या आत रिटर्न गेलं असतं.

आता आमच्या चौकशीच्या कागदावर पहिली ओळ आहे: ‘रिटर्न कुणाचं? करदाता स्वतः फोनवर आहे का?’ मुलींना ते विचारायला अवघड जातं. तरी विचारायचं, असं मी सांगितलंय.

२० तारखेला त्या सही करायला आल्या, एकट्याच. रिटर्न त्यांच्या लॉगिनमधून गेलं, ओटीपी त्यांच्या आधारला जोडलेल्या मोबाइलवर आला. फी मी घेतली नाही. त्या हट्टाने देत होत्या. मग मला सांगावंच लागलं. मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे ठेवलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

त्यांनी दोनदा वाचलं. ‘मी इथेच फोन केला होता होय? मला नाही आठवत. त्या दिवसांतलं मला काहीच आठवत नाही.’

‘मी विचारायला हवं होतं,’ मी म्हटलं.

‘मी मिस्टरांचं म्हणाले असणार. अजून तसंच येतं तोंडात.’ त्यांनी रजिस्टर मिटून माझ्याकडे सरकवलं. आवाजात राग नव्हता. ‘विचारलं असतंत तर सांगितलं असतं हो मी.’