आमची वाटचाल: उघड्या मुळांपासून लाल काड्यांपर्यंत

आमचं शेत छोटं आहे आणि माणसंही घरचीच. सुरुवातीला आम्ही फक्त कटफ्लॉवर, म्हणजे गुच्छांसाठी कापून विकायची फुलं, करत होतो. वसंतापासून उन्हाळा संपेपर्यंत फुलांमुळे दम खायला वेळ नसायचा आणि शरद ऋतू लागला की गाडी अर्धी रिकामी जायची. फ्लोरिस्ट मंडळींची मागणी मात्र तेव्हाच वेगळी असायची. "फुलं आहेत हो आमच्याकडे, गुच्छात भरायला काहीतरी फळांचं द्या," हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलं की त्याकडे दुर्लक्ष करणं शक्यच नव्हतं. आज आमच्या वर्षाच्या हिशेबात सर्वात भक्कम रकाना आहे तो शोभेच्या फळांच्या काड्यांचा. हायपेरिकम, स्नोबेरी, कॅलिकार्पा ही शोभेच्या फळांची झुडपं आणि या सगळ्यांची राणी विंटरबेरी.

झुडपं लावायची ठरली तेव्हा कुंडीतली वाढलेली रोपं परवडणारी नव्हती. म्हणून बेअर रूट, म्हणजे उघड्या मुळांच्या, रोपांकडे वळलो. झाड सुप्तावस्थेत असताना, पानं गळून गेल्यावर ते जमिनीतून उपटतात, माती झाडून टाकतात आणि मुळं ओलसर ठेवून पाठवतात. मातीचं वजन नाही, कुंडीचा खर्च नाही. रोपांची अख्खी जुडी एका हातात उचलता येते. कमी भांडवलात पूर्ण ओळ लावता येते हा फायदा तर होताच, पण पुढे कळलं की याहून मोठा फायदा मुळांचा आहे. कुंडीत जास्त दिवस राहिलेल्या रोपाची मुळं कडेने गोल फिरत राहतात आणि जमिनीत गेल्यावरही तो वेढा सहज सुटत नाही. बेअर रूटमध्ये प्रत्येक मूळ डोळ्यांसमोर असतं. आता भांडवलाची तितकी ओढाताण नाही, तरी आम्ही आजही बेअर रूटच मागवतो.

रोपं येतात त्या दिवशी शेतावर दुसरं कोणतंही काम निघत नाही. खोकं सावलीत, शेडमध्ये उघडायचं. ऊन आणि वारा या मुळांचे शत्रू, काही मिनिटांत बारीक तंतू सुकायला लागतात. सालीवर नखाने हलकं खरवडलं की खाली हिरवं दिसलं पाहिजे. मूळ मोडून पाहिलं तर आत पांढरं, घट्ट असावं. तपकिरी, बुळबुळीत, आंबूस वासाचं असेल तर ते रोप बाजूला. चांगली रोपं दोन-चार तास बादलीतल्या साध्या पाण्यात राहतात. त्याहून फार लांबवत नाही, कारण मुळांना हवाही लागते आणि एका दिवसाच्या वर बुडवून ठेवलेली मुळं गुदमरतात. तुटकी, चिरडलेली टोकं सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) साफ कापतो. खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करतो, मध्ये मातीची छोटी ढिगोळी करून मुळं तिच्यावर चारही बाजूंना पसरतो. खोड आणि मूळ जिथे मिळतात ती खूण जमिनीच्या पातळीला आली पाहिजे. खोल गाडलं की खोड कुजतं, वर राहिलं की मुळं वाळतात. माती भरून, हाताने दाबून भरपूर पाणी द्यायचं, म्हणजे आतल्या पोकळ्या बसतात. वर लाकडाच्या चिपांचं आच्छादन, पण खोडाला चिकटवून नाही.

एका हंगामात एका पुरवठादाराकडून माल उशिरा आला. खोकं उघडलं तर कळ्या फुटून फिकट पिवळे कोंब बाहेर आलेले होते. अशा रोपाने साठवलेली ताकद अंधारात खर्च केलेली असते आणि पाणी ओढायला नवी मुळं अजून तयार नसतात. त्यातली बरीच रोपं आमच्या हातून गेली. तेव्हापासून रोपं कधी पाठवायची हे आम्ही मागणी देतानाच लिहून घेतो आणि ती वेळ आमच्या जमिनीवरून ठरते. जमीन खणता येईल इतकी मोकळी झाली आणि कळ्या अजून झोपलेल्या असल्या, की तोच काळ लागवडीचा. पावसामुळे वाफा तयार नसेल तर सावलीत चर खणून रोपं तिरकी निजवतो आणि मुळं ओल्या मातीने झाकून ठेवतो. काही दिवस अशी ती सुखाने राहतात.

मग येते खरी परीक्षा, थांबण्याची. पहिल्या वर्षी एकही काडी विकायची नाही हा आमचा नियम आहे. दुसऱ्या वर्षीही विंटरबेरीला हात लावत नाही. पान म्हणजे मुळांचं अन्न. ते कापून नेलं तर खाली काही बांधलं जात नाही. व्यवसायाच्या दृष्टीने हा काळ जड गेला. पैसा जमिनीत आणि परतावा शून्य. त्या वर्षांत घर आणि मजुरी फुलांनीच चालवली. म्हणूनच आम्ही एकदम सगळं शेत झुडपांना दिलं नाही, दर हंगामाला थोड्या ओळी वाढवत गेलो. नव्याने उतरणाऱ्यांनाही मी हेच सांगतो.

सर्वात आधी पैसे दिले ते हायपेरिकमने. फुलं आणि फळं त्याच वर्षीच्या फुटव्यावर येतात, त्यामुळे हिवाळा सरता सरता झुडूप जमिनीलगत छाटलं तरी त्याच हंगामात सरळ, लांब काड्या मिळतात. फळ रंगलेलं पण टणक असताना काढायचं. पूर्ण पिकलं की अनेक जातींत ते काळं पडतं. स्नोबेरी आणि कॅलिकार्पाही नव्या फुटव्यावरच फळतात. स्नोबेरीची पांढरी फळं फार नाजूक, बोट जोरात लागलं तरी तपकिरी डाग पडतो, म्हणून तिची काडी देठाकडूनच धरायची असं आमच्याकडे प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवतो. कॅलिकार्पाची पानं कापल्यावर लवकर मान टाकतात. ती सगळी काढली की जांभळ्या फळांचे झुपके उघडे पडतात आणि मग पाहणारा थबकतोच.

विंटरबेरीचं शास्त्र वेगळं. हिचं शास्त्रीय नाव आयलेक्स व्हर्टिसिलाटा, मूळ पूर्व उत्तर अमेरिकेतल्या ओलसर जागांचं झुडूप. हिला आम्लधर्मी, ओल धरणारी माती लागते. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून लागवडीच्या आधी माती परीक्षण केल्याशिवाय आम्ही एकही ओळ आखली नाही. दुसरी गोष्ट, नर आणि मादी झाडं वेगळी. फळं फक्त मादीला, पण जवळपास नर नसेल तर मादीवर काहीच धरत नाही. त्यातही दोघांचा फुलण्याचा काळ जुळायला हवा. 'रेड स्प्राइट' ही लवकर फुलणारी मादी, तिच्यासाठी 'जिम डँडी' हा नर. 'विंटर रेड' उशिरा फुलते, तिला 'सदर्न जेंटलमन' लागतो. सुप्त काडीकडे बघून नर-मादी ओळखता येत नाही, म्हणून नावाच्या चिठ्ठ्या हाच आमचा खरा दस्तऐवज. त्या आम्ही धातूच्या पट्टीवर कोरून खुंटीला बांधतो आणि शेताचा नकाशा घरात वेगळा ठेवतो. नर झाडं एका कोपऱ्यात न लावता ओळींमध्ये विखरून लावली आहेत. फुलं अगदी बारीक, पण मधमाशा त्यांच्यावर तुटून पडतात आणि त्या दिवसांत आम्ही कोणतीही फवारणी करत नाही.

विंटरबेरीची काढणी पानगळ झाल्यावर. पानं उरली असतील तर हाताने काढावी लागतात आणि त्यात फळं दुखावतात, म्हणून ग्राहक घाई करत असले तरी आम्ही गळ पूर्ण होऊ देतो. याच काळात पक्ष्यांचे थवे येतात आणि एखादी ओळ एका सकाळीत साफ करून जातात, त्यामुळे रंग चढताच जाळी चढते. कापलेली काडी हलकी झटकून बघायची, दोन-चार फळं पडली तर ठीक, झरझर गळली तर ती जुडीत जात नाही. प्रतवारी लांबीवर आणि फळांच्या दाटपणावर. कोल्ड रूममध्ये सफरचंदं किंवा इतर पिकणारी फळं कधीच ठेवत नाही. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे फळगळ वाढते.

विंटरबेरीच्या एका झुडपाच्या साधारण एक तृतीयांश काड्यांपेक्षा जास्त कापायच्या नाहीत, हे आम्ही मोठ्या मागणीच्या वेळीही पाळलं. काही ऑर्डर त्यामुळे सोडाव्या लागल्या, पण जुन्या ओळी दरवर्षी फळताहेत आणि तेच फ्लोरिस्ट परत येताहेत.

रोगांचं म्हणाल तर हायपेरिकमवर तांबेरा आणि स्नोबेरीवर करपा, हे दोन ठरलेले पाहुणे. दोन्ही पानं ओली राहिली की वाढतात. तुषार सिंचन काढून ठिबक केलं, ओळींत अंतर वाढवलं, गळलेली पानं उचलायला लागलो आणि फरक डोळ्यांना दिसला.

प्रत्येक जुडीला आम्ही एक सूचना बांधतो: ही फळं खाण्याची नाहीत, लहान मुलं आणि पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवा. विंटरबेरीची फळं पोटात गेली तर उलट्या होतात. रंग इतका मोहक असतो की ही चिठ्ठी विसरून चालत नाही.

स्वतःची रोपं करावीत असं बऱ्याचदा वाटतं. पण अनेक नव्या जातींवर पैदासकाराचे, म्हणजे ती जात तयार करणाऱ्याचे, हक्क असतात आणि परवान्याशिवाय त्यांच्या काड्या लावून रोपं करता येत नाहीत. त्यामुळे हक्क नसलेल्या जुन्या जातींपुरतीच आम्ही छोटी रोपवाटिका सुरू केली आहे. येत्या हंगामात व्हायबर्नम ओपुलस या आणखी एका फळांच्या झुडपाची एक ओळ लावतो आहोत. त्याची फुलं मागच्या वर्षीच्या लाकडावर येतात, म्हणजे हायपेरिकमसारखी सरसकट छाटणी चालणार नाही. त्याच्यासाठी झुडपाचे भाग पाडून आलटूनपालटून कापायचं ठरवलं आहे. खुंट्या आणि नावाच्या पट्ट्या तयार आहेत, रोपांची मागणीही तारखेसकट दिली आहे.