ग्रेडियस आणि दोन किलोबाइट

ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलांना मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपवरचा छोटा कॉम्प्युटर, शिकवायची वेळ आली की मी ग्रेडियस या विमानातून शत्रू टिपायच्या जुन्या व्हिडिओ गेमचं उदाहरण देते. मारिओ त्यांना माहीत असतो, काँट्रा निदान ऐकून असतो, ग्रेडियस म्हटलं की सगळे माझ्याकडे बघत राहतात. एकदा मात्र मागच्या टेबलावरून टेस्टिंगच्या काकांनी मान वर केली. "ज्वालामुखीवाला का हो, मॅडम?" हो, तोच.

उदाहरण देण्याचं कारण सरळ आहे. अर्डुइनो उनो या शिकाऊंच्या बोर्डावरच्या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट जागा असते आणि कामाची मेमरी २ किलोबाइट. दिवे लुकलुकवण्यापलीकडे यात काय होणार, असा नव्या मुलांचा पहिला सूर असतो. कोनामी या गेम कंपनीने एप्रिल १९८६ मध्ये निन्तेन्दोच्या फॅमिकॉमसाठी, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रासाठी, ग्रेडियस काढला, त्या कॅसेटमध्ये प्रोग्रॅम ३२ किलोबाइटचा आणि चित्रं आणखी ३२ किलोबाइटची. फॅमिकॉमच्या प्रोसेसरला कामाची मेमरी २ किलोबाइटच. वेग १.७९ मेगाहर्ट्झ, उनोचा १६. एवढ्यात सात टप्पे, ज्वालामुखी, तोंडातून कडी फेकणारे मोआई पुतळे आणि शेवटी एक मोठा मेंदू. इथे मुलं जरा सरसावून बसतात.

आमच्या घरी जे यंत्र होतं ते अर्थातच जपानी नव्हतं. इचलकरंजीत कोण आणणार जपानी? फॅमिकॉमची नक्कल होती, टीव्हीच्या अँटेनाच्या खोबणीत लागणारी, आणि सोबत 'एकात चौसष्ट' लिहिलेली कॅसेट. त्या चौसष्टांत तेच ते गेम नावं बदलून पुन्हा यायचे. ग्रेडियस यादीत कुठेतरी खाली होता. बाहेर यंत्रमागांची धडधड चालू असायची, त्यामुळे टीव्हीचा आवाज पूर्ण वाढवला तरी आईची हरकत नसे. दादाला मारिओ आवडायचा, मला हा. भांडणं व्हायचीच, आणि बहुतेक वेळा ती भारनियमन मिटवायचं.

मूळ गेम फॅमिकॉमवरच्या ग्रेडियसच्या आदल्या वर्षीचा, १९८५ चा, नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचा. जपानबाहेर त्याचं नाव नेमेसिस. जपानमधल्या त्या मशीनमध्ये बबल मेमरी नावाचा प्रकार होता. ती गरम झाल्याशिवाय काम करत नसे, म्हणून मशीन सुरू केलं की पडद्यावर उलटी मोजणी चालायची आणि तेवढा वेळ एक गोड धून वाजायची. मशीन तापेपर्यंत गिऱ्हाइकाला गाणं ऐकवायचं! या गेमचं संगीत मिकी हिगाशिनोचं. पहिल्या टप्प्याची धून मला आजही बिल्ड चालू असताना, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅम तयार करत असताना, गुणगुणायला होते, आणि शेजारचा मुलगा हेडफोन लावतो.

मोठ्या मशीनवरून घरच्या यंत्रात आणताना काय काय कापावं लागलं ते बघण्यासारखं आहे. आपल्या विमानामागे जे चमकते गोळे येतात, ऑप्शन, ते मूळ गेममध्ये चार मिळतात. फॅमिकॉमवर दोनच. कारण त्या यंत्राची चित्रचिप पडद्यावर एका वेळी ६४ हलती चित्रं दाखवू शकते, आणि एका आडव्या रेषेत फक्त आठ. नववं दिसतच नाही. आडव्या गेममध्ये तर विमान, गोळे, गोळ्या, शत्रू सगळे नेमके एकाच रेषेत येतात. मग प्रोग्रामर लोक चित्रांचा क्रम दर फ्रेमला फिरवत राहायचे, म्हणजे एखादं कायमचं गायब होण्याऐवजी सगळीच आळीपाळीने लुकलुकतात. आमच्याकडे हे लुकलुकणं सुरू झालं की दादा उठून मागची वायर हलवायचा. त्यातच एखादी लाइफ जायची.

ऑप्शन ही या गेममधली मला सगळ्यात आवडणारी कल्पना. गोळे विमानामागे नुसते ओढले जात नाहीत. विमान ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने, थोड्या उशिराने येतात. विमान थांबलं की तेही जिथल्या तिथे थांबतात. म्हणजे वर जाऊन गोळे वर ठेवायचे आणि आपण खाली दबा धरायचा, हे जमतं. आतलं तंत्र आमच्या रोजच्या कामातलं आहे. विमानाच्या मागच्या काही जागा एका गोल रांगेत लिहीत जायच्या, आणि पहिल्या गोळ्याने अमुक घरं मागची जागा वाचायची, दुसऱ्याने त्याहून मागची. नवी नोंद आली की सगळ्यात जुनी पुसली जाते. विमान हललं तरच नोंद करायची, म्हणून थांबल्यावर गोळे जवळ येत नाहीत. एवढ्याशा मेमरीत याहून स्वस्त हुशारी मी तरी पाहिलेली नाही. हे फळ्यावर काढून दाखवलं की गोल रांग वेगळी शिकवावी लागत नाही.

पण खेळायला बसल्यावर खरी मजा खालच्या पट्टीत आहे. स्पीड अप, मिसाइल, डबल, लेझर, ऑप्शन आणि शेवटी प्रश्नचिन्ह, म्हणजे ढाल. काही शत्रू मेले की कॅप्सूल सोडतात. एक कॅप्सूल उचलली की पट्टीवरचा दिवा एक घर पुढे सरकतो. बटण दाबलं तरच ते अस्त्र मिळतं आणि दिवा पुन्हा विझतो. ही वर्तुळ मार्गाची बस आहे. आपल्या थांब्यावर उतरला नाहीत तर पूर्ण फेरी मारून या. ऑप्शनसाठी पाच कॅप्सूल साठवायच्या, आणि तोवर साध्या गोळीवर जीव धरून राहायचं. दादा पहिल्या कॅप्सूलला स्पीड अप घ्यायचा, दुसरीलाही, तिसरीलाही, आणि मग स्वतःच्या वेगाने डोंगरावर आपटायचा. माझ्या मते स्पीड अप दोनदा, त्याहून एकही जास्त नाही. डबल मी घेतच नाही. वर तिरकी गोळी जाते खरी, पण लेझर घेतला की डबल जातं, मग दोन्हीवर कॅप्सूल कशाला घालवायच्या?

आणि मेलात की सगळं गेलं. वेग गेला, गोळे गेले, लेझर गेला, आणि थोडं मागे नेऊन सोडतात. पुढचे शत्रू मात्र तेवढेच. गेमचा हा भाग क्रूर आहे, आणि मला तो तसाच हवा आहे. कवडी कवडी करून उभं केलेलं एका चुकीत जातं, म्हणून तर ज्वालामुखीतून दगड उडायला लागले की अंगठा दुखेपर्यंत आपण कंट्रोलर आवळून धरतो.

हा क्रूरपणा गेम बनवणाऱ्यांनाही झेपला नव्हता. फॅमिकॉमची आवृत्ती करणारे काझुहिसा हाशिमोतो यांना तपासणीसाठी गेम खेळावा लागायचा आणि तो त्यांनाच अवघड जायचा. म्हणून त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी एक संकेत घातला. गेम थांबवायचा आणि वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. जवळपास सगळी अस्त्रं एकदम हजर. तो संकेत पुढे कोनामीच्या कितीतरी गेममध्ये गेला आणि कोनामी कोड या नावाने जगभर ओळखला जातो. काँट्रातल्या तीस लाइफ तोच देतो. टेस्टिंगसाठी मागचं दार ठेवणं आम्हीही करतो. आमचं मात्र कोणी टी-शर्टवर छापत नाही. हाशिमोतो फेब्रुवारी २०२० मध्ये गेले.

माझा भाचा इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळतो. मेला की दहा सेकंद मागे जातो, पुन्हा मेला की पुन्हा मागे. "आत्या, तू उगाच छळ करून घेतेस," असं त्याचं म्हणणं. गेल्या दिवाळीत तो ग्रेडियस ३ घेऊन बसला होता, सुपर फॅमिकॉम या फॅमिकॉमनंतरच्या यंत्राचा, १९९० चा. पडद्यावर गर्दी झाली की हा गेम अक्षरशः रांगायला लागतो. २०१९ मध्ये व्हिटर व्हिलेला या ब्राझीलच्या प्रोग्रामरने त्याचं काम एसए-वन या जास्त वेगवान जोडचिपवर वळवणारी दुरुस्ती काढली आणि ते रांगणं थांबवलं. भाच्याने ती लावली आणि वैतागला, कारण रांगण्यातच विचार करायला उसंत मिळत होती. शेवटी त्याने विजयी चेहऱ्याने मला सांगितलं की त्याला गुप्त संकेत ठाऊक आहे. गेम थांबवला. वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए.

विमान जागच्या जागी फुटलं. कोनामीने या भागात मुद्दामच तसं करून ठेवलं आहे. डाव्या-उजव्याऐवजी एल आणि आर बटणं दाबली तरच अस्त्रं मिळतात. हे त्याला सांगायची मला अजिबात घाई नव्हती.