कार्ड आहे हो, पण चालू आहे का?

दोन-तीन दिवस घानाच्या सरकारी आरोग्य विम्याबद्दल वाचत बसलेय आणि एक गोष्ट डोक्यातून जातच नाहीये. २००३ ला कायदा झाला, मोठा पैसा वस्तू-सेवांवरच्या अडीच टक्के लेव्हीतून (म्हणजे खास या विम्यासाठीच्या करातून) येतो, १८ च्या आतली मुलं, सत्तरीच्या पुढचे आणि गरोदर बायका यांना प्रीमियमच नाही, म्हणजे कागदावर सगळं झकास. पण कार्ड दरवर्षी रिन्यू करावं लागतं, आणि खरी गोची तिथेच आहे! माणूस आजारी पडेपर्यंत कार्ड कपाटात, मग काउंटरवर कळतं की मुदत कधीच संपलीय. आता फोनवर स्टार ९२९ हॅश दाबून घरबसल्या रिन्यू होतं, पण ते माहीत असायला हवं ना.

केनियात तर २०२४ च्या ऑक्टोबरात जुनी सरकारी आरोग्य विमा योजना बंद करून नवीन प्राधिकरण आणलं, लोकांना परत नोंदणी करायला लावली. जुन्याचंच नीट कळलं नव्हतं, त्यात हे.

हे सगळं लोकांपर्यंत पोचवायला नुसत्या पोस्टरने काय होणार, सांगा. रवांडात गावातलेच आरोग्यसेवक दारोदार जाऊन विम्याबद्दल बोलतात, मला तेच जास्त पटतं.