एक्कावन्नावा माणूस

"लग्नाला पन्नास आणि अंत्यविधीला वीस, हे आकडे तुम्ही लोकांनी काढले तरी कुठून?"

करोना ओसरून इतकी वर्षं झाली तरी या प्रश्नातून माझी सुटका नाही. हळदीकुंकवाला विचारतात, भाजी घेताना विचारतात, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा घातलेला असताना विचारलं. आणि पाठोपाठ तो ठरलेला विनोद: एक्कावन्नाव्या माणसालाच करोना व्हायचा का हो? मीही हसते. पण तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगूनच टाकते.

मी नाशकात आरोग्याशी संबंधित एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. कुठल्या ते लिहीत नाही, पेन्शन तिथूनच येते. मिटिंगमध्ये कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहायचं, साहेबांनी सांगितलं तसा मसुदा करायचा, सही झाली की जावक क्रमांक टाकून तो पुढे पाठवायचा, हे माझं काम. पथकात माणसं कमी पडली की 'बाई, आज तुम्हीही चला' हेही. म्हणजे नियम टंकणारी मीच आणि दारात उभं राहून तो पाळला जातोय का ते बघणारीही मीच. असा योग फार थोड्यांना आला असेल. मागून कुणी घेतला नसता.

तर आकडे. ते आम्ही काढले नव्हते. अंत्यविधीला वीस हे २४ मार्च २०२०च्या केंद्राच्या पहिल्याच टाळेबंदीच्या आदेशात होतं. लग्नाचे पन्नास १ मे २०२०च्या आदेशातून आले. दिल्लीहून मुंबई, मुंबईहून जिल्हाधिकारी कार्यालय, तिथून खाली. त्याला आधार दोन कायद्यांचा: एक १८९७चा, प्लेगच्या वेळी इंग्रजांनी घाईघाईत केलेला, आणि दुसरा २००५चा आपत्ती व्यवस्थापनाचा. वरून आलेली मर्यादा खालच्यांना सैल करता येत नव्हती, घट्ट मात्र करता येत होती. आमटीत मीठ घालता येतं, काढता येत नाही, तसं ते.

मग इथल्या अधिकाऱ्यांनी इतक्या मिटिंगा कशासाठी घेतल्या, हा तुमचा पुढचा प्रश्न असतो. कशासाठी म्हणजे, तो आकडा मेनरोडवरच्या दुकानात, गोदाघाटावरच्या पाटीत आणि मंगल कार्यालयाच्या दारात नेमका कसा लावायचा यासाठी. कागदावर एका ओळीत मावणारी गोष्ट रस्त्यावर गेली की तिला पाय फुटतात.

दुकानाचंच घ्या. माणसामाणसात सहा फूट अंतर आणि एका वेळी पाचांपेक्षा जास्त गिऱ्हाइकं नकोत, असा नियम होता. आम्ही दहीपुलाजवळ एका भांड्यांच्या दुकानात टेप घेऊन गेलो. दहा बाय बारा, म्हणजे एकशेवीस चौरस फूट. निम्म्यात काउंटर आणि डब्यांच्या उतरंडी. उरले साठ. सहा फूट इकडे, सहा फूट तिकडे म्हणजे माणशी छत्तीस. साठ भागिले छत्तीस. मालक माझ्या खांद्यावरून वहीत बघत होते. "म्हणजे मॅडम, दीड गिऱ्हाईक आत घ्यायचं," ते म्हणाले, "अर्धं बाहेर ठेवतो." तिथून शंभर पावलांवर साड्यांचं तीन मजली दुकान. त्यालाही पाचच. मी दोन्ही मापं टिपणीत लिहिली आणि क्षेत्रफळाप्रमाणे संख्या ठरवावी असं सुचवलं. टिपणी परत आली तेव्हा तिच्यावर साहेबांचा शेरा होता: 'मोजणार कोण?'

या दोन शब्दांत तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. तेव्हा मला राग आला होता, शेरा आळशीपणाचा वाटला होता. पण पथक चार जणांचं, दुकानं हजारोंनी. पाच हा आकडा शाळेत न गेलेल्या माणसालाही दारातून दिसतो. गिऱ्हाइकालाही दिसतो आणि तो मालकाशी भांडू शकतो. जो नियम मोजायला टेप आणि वही लागते तो फक्त सरकारच पाळायला लावू शकतं, आणि सरकार म्हणजे आम्ही चौघं. त्यातला एक सुट्टीवर.

मास्कचंही तसंच. लोकांना वाटतं त्यावर आम्ही विज्ञान चघळत बसलो असू. थोडं चघळलंही. कापडाचा चालेल का, पुढे झडप असलेला का नको (त्यातून आत येणारी हवा गाळली जाते, पण आपला श्वास तसाच बाहेर जातो), असं सगळं झालं. पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो दंडाच्या रकमेवर. कमी ठेवला तर चारचाकीवाला काच खाली करून नोट पुढे करणार, जास्त ठेवला तर हमालाची दिवसाची कमाई जाणार आणि पथकातला माणूस पावती फाडायलाच कचरणार. दंड वाढला की वसुली वाढते असं नाही, सोडून देणं वाढतं. हे मी इतिवृत्तात लिहिलं नव्हतं, इथे लिहिते.

मी स्वतः फाडलेली एक पावती अजून डोळ्यांपुढे आहे. बुधवारच्या बाजारात, गोदाघाटावर. कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बसलेली बाई, मास्क हनुवटीला. बोलताना गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही म्हणून खाली घेते, म्हणाली. नदीवरून वारा असा सुटला होता की माझं पावतीपुस्तक एका हाताने दाबून धरावं लागत होतं. तिने कमरेची पिशवी सोडली आणि दहा-दहाच्या नोटा मोजून दिल्या. नोटा ओल्या होत्या, कोथिंबिरीवर मारायच्या पाण्याने. नियमाप्रमाणे मी बरोबर होते. त्या वाऱ्यात तिच्यापासून कुणाला किती धोका होता हे मात्र मला त्या दिवशीही कळत होतं.

आणि हे त्याच महिन्यातलं, डिसेंबर २०२०. लग्नसराई सुरू झालेली, नाशिकची थंडी कडक. एका मंगल कार्यालयात आम्ही दुपारी पोहोचलो. दारात सॅनिटायझर, ताप बघायची बंदूक, नावांची यादी, सगळं चोख. मी आत जाऊन डोकी मोजली. अठ्ठेचाळीस. पुन्हा मोजली, भटजी आणि फोटोग्राफर धरून पन्नास. वधूपिता हात जोडून उभे होते, परीक्षेचा निकाल लागावा तसे. मी तपासणीच्या कागदावर 'संख्या मर्यादेत' असं लिहिलं आणि सही केली. हॉलच्या सगळ्या खिडक्या थंडीमुळे बंद होत्या आणि त्यांच्यावर मखमली पडदे ओढलेले होते. सनई स्पीकरवर मोठ्याने लावलेली, त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याच्या कानाशी जाऊन बोलत होता. जेवताना मास्क काढलेले, तेही नियमाला धरून. हे सगळं मला दिसलं. कागदावर त्यासाठी रकानाच नव्हता. आठ-दहा दिवसांनी आमच्याकडच्या संपर्क शोधाच्या यादीत त्या कार्यालयाचं नाव आलं, आणि पाठोपाठ एकेक नाव, जी मी दारातल्या यादीत वाचली होती. वधूचे आजोबा त्यात होते. ते बरे होऊन घरी आले एवढं मला माहीत आहे, कारण मी फोन करून विचारलं. कोण बोलतंय ते सांगितलं नाही.

त्यानंतरच्या मिटिंगमध्ये आमच्याकडच्या एका डॉक्टरांनी विषय काढला. संख्या ठेवा, पण आदेशात खिडक्याही घाला, म्हणाले. हवा खेळती पाहिजे, बंद हॉलमधले पन्नास आणि मांडवातले पन्नास सारखे नाहीत. कुणीही वाद घातला नाही. सगळ्यांना पटलं होतं. फक्त पोलिसांकडून आलेल्या अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, "खिडकी किती उघडी म्हणजे उघडी? आणि उद्या कोर्टात मी पंचनामा काय दाखवू, हवा कमी होती असा?" डॉक्टर गप्प बसले. त्या दोघांपैकी चूक कोण हे मला आजही ठरवता आलेलं नाही. आदेशात 'पुरेसे वायुवीजन असावे' असं वाक्य गेलं, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात. ते मीच टंकलं. त्या वाक्यावरून एकही पावती फाटल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

नाही म्हणायला, मोजता येईल आणि अर्थही असेल असा एक नियम नाशकात झाला, आणि त्यालाच लोक सगळ्यात जास्त हसले. मार्च २०२१च्या शेवटी, दुसरी लाट चढत असताना, मुख्य बाजारपेठांत शिरायला पाच रुपयांचं तिकीट लावलं गेलं. एका तासासाठी. तासाच्या वर रेंगाळलात तर पाचशे रुपये दंड. देशभरच्या बातम्यांत आलं. बाजार बघायला तिकीट म्हणजे काय प्राणिसंग्रहालय आहे का, असं माझी जाऊ म्हणाली होती, आणि तिकिटाच्या रांगेतच तिचा अर्धा तास गेला, तोही खांद्याला खांदा लावून. ते खरंच. पण त्या नियमाने एक गोष्ट धरली होती जी बाकी कशाने धरली नव्हती: वेळ. माणसं किती यापेक्षा किती वेळ, हे या आजारात कमी महत्त्वाचं नव्हतं. पुढे २१ एप्रिल २०२१ला राज्याच्या आदेशात लग्नं पंचवीस माणसांत आणि दोन तासांत आटपा, नाहीतर पन्नास हजार दंड, असं आलं. पुन्हा वेळ. त्याच दुपारी शहरातल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून रुग्ण गेले. त्या दिवशीचा आकडा २२ होता. आदेशातले आकडे आणि ते बावीस मला एकाच संध्याकाळी टंकावे लागले. यावर जास्त लिहीत नाही.

जूनपासून निर्बंधांचे पाच स्तर आले. पॉझिटिव्हिटी, म्हणजे तपासलेल्यांत बाधित, किती टक्के आणि ऑक्सिजनचे बेड किती भरलेले, यावर जिल्ह्याचा स्तर. गुरुवारी आकडे, सोमवारपासून अंमल. पाच टक्क्यांच्या खाली आणि बेड पंचवीस टक्क्यांहून कमी भरलेले, तर पहिला स्तर, जवळपास सगळं खुलं. टक्के म्हटलं की शास्त्र वाटतं. पण मी तो तक्ता भरायचे. वर बाधित, खाली तपासण्या. खालचा आकडा कुठून आणता यावर वरचं सगळं अवलंबून. ताप असलेल्यांचीच तपासणी केली की टक्का चढतो. बाजारात कॅम्प लावून धडधाकट माणसांच्या अँटीजेन केल्या की उतरतो. तपासण्या वाढवा असं व्यापारीही म्हणायचे आणि डॉक्टरही, आणि दोघांच्या मनात वेगळ्या तपासण्या असायच्या. बेडचा आकडा मला जास्त प्रामाणिक वाटायचा. बेडवर माणूस असतो किंवा नसतो.

एक गंमत सांगायची राहिली. २७ नोव्हेंबर २०२१च्या आदेशात बंदिस्त सभागृहाला क्षमतेच्या पन्नास टक्के आणि उघड्या मैदानाला पंचवीस टक्के, असं होतं. दिवसभर फोन. उघड्यावर कमी आणि कोंडून जास्त, हे कुठलं डोकं? त्यामागे हिशेब होता: मैदानाची क्षमता मुळातच अफाट, तिचा चौथा भागही हजारांत जातो. पण तो हिशेब आदेशात लिहिलेला नव्हता. पुढच्याच आठवड्यात आडगावला साहित्य संमेलन होतं, मार्चमधलं पुढे ढकललेलं, त्यामुळे फोन करणारेही व्याकरण जाणणारे. डिसेंबरच्या २४ तारखेला बंदिस्त जागेत शंभर आणि उघड्यावर अडीचशे असे सरळ आकडे आले तेव्हा फोन थांबले. २०२२च्या गुढीपाडव्याच्या तोंडावर निर्बंध गेले आणि मास्क ऐच्छिक झाला. आता सिंहस्थ येतोय, म्हणून हल्ली हाच प्रश्न नव्या रूपात येतो: तिथे किती माणसं हे कोण ठरवणार? ते मला विचारू नका.

मागच्या महिन्यात हा प्रश्न मला माझ्या भाच्याने विचारला, म्हणून एवढं लिहायला बसले. "मावशी, तुझ्या त्या पन्नासमुळे माझ्या लग्नाची वाट लागली," असं तो म्हणाला. त्याचं लग्न जुलै २०२१चं, तिसरा स्तर, पन्नास माणसं. यादी दोन्ही घरांत पंचवीस-पंचवीस वाटली गेली. आमच्या बाजूला पंचविसावं नाव मुलाच्या आत्याच्या यजमानांचं लागलं. ते आले नसते तर आत्याबाई आल्या नसत्या. माझं नाव सव्विसावं होतं. ताईने फोन केला तेव्हा ती रडकुंडीला आली होती. मीच म्हटलं, अगं, मी आले आणि कुणी फोटो काढला तर उद्या माझ्याच टेबलावर येईल तो.

लग्न मी व्हिडिओ कॉलवर बघितलं, ऑफिसात, डबा उघडून. बाहेर पाऊस होता, तिथेही असणार, कारण फोन फिरला तेव्हा मला हॉलच्या खिडक्या दिसल्या. सगळ्या बंद. एसीचा हिरवा दिवा लागलेला. मी ताईला मेसेज केला, 'खिडक्या उघडा, दोन तरी.' मग भावजींना केला. मंगलाष्टकं सुरू झाली, अंतरपाट धरला, आणि नेट अडकलं. पडद्यावर भाच्याचा अर्धा फेटा आणि एक बंद खिडकी, बराच वेळ.

मेसेजला निळ्या टिका संध्याकाळी पावणेसातला आल्या. ताईचं उत्तर होतं, 'अगं, तुझा लाडू बाजूला काढून ठेवलाय.'