रुळली का?

लग्नात, दवाखान्याच्या बाकावर, मंडईत, जिथे गाठ पडेल तिथे तुम्ही हेच विचारता. आवाज थोडा खाली आणून, लेकीकडे बघत. ‘काय, रुळली का आता?’ मी ‘हो, रुळली की’ म्हणते आणि पुढे निघते. हातात पिशव्या असतात, आणि ती शेजारीच उभी असते. पण तुम्ही मायेनं विचारता हे मला कळतं. म्हणून एकदा नीट उत्तर देते.

आमची लेक आता पाच वर्षांची होईल. 2023 च्या जूनमध्ये ती सांगलीत आमच्या घरी आली तेव्हा दोन वर्षं चार महिन्यांची होती. त्याआधी साडेतीन वर्षं आम्ही वाट बघत होतो. दत्तकाची नोंदणी ‘कारा’ या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर होते, कुठल्या राज्यातलं मूल चालेल तेही तिथेच सांगायचं असतं. आम्ही महाराष्ट्राबरोबर कर्नाटक लिहिलं होतं, कारण सासूबाईंचं माहेर जत तालुक्यातलं. तिकडे पूर्वेच्या गावांत घरोघरी कानडी बोलतात. एका दुपारी ऑफिसात मोबाइल वाजला. एक फोटो, तिची माहिती देणारा अहवाल, डॉक्टरांचा अहवाल, आणि विचार करायला 48 तास. फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हती, स्वतःच्या चपलेकडे बघत होती. आम्हाला 48 तास लागले नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. पहिल्या दिवशी ती पूर्ण रुळलेली होती.

खरंच सांगते. ताटात वाढलं ते सगळं खाल्लं. दिवा मालवला की डोळे मिटले. अंघोळीला हात वर करून उभी राहिली. बघायला आलेल्या प्रत्येकीच्या मांडीवर न कुरकुरता बसली. ‘किती गुणी पोर आहे,’ म्हणून सगळ्या खूश होऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी अंगणात फरशीवर सपशेल आपटली. गुडघा सोलवटला, रक्त आलं. मी धावले. तोवर ती स्वतःच उठली, फ्रॉक झटकला आणि पुढे चालायला लागली. रडली नाही, मागे वळून कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. त्या रात्री मी आणि नवरा कितीतरी वेळ स्वयंपाकघरात बसून होतो.

ती आधी होती त्या कर्नाटकातल्या संस्थेतल्या बायकांनी तिला जीव लावला होता. निरोप देताना एकजण आत निघून गेली, तिला ते बघवेना. पण मुलं पुष्कळ आणि हात मोजके. ताट आलं की जेवायचं, दिवा गेला की झोपायचं, पडलं तर उठायचं. ते सगळं ती शिकून आली होती. नवीन जागी आल्यावर जिवाला धरून राहायला तिच्याकडे तेवढंच होतं. आम्ही त्याला गुणीपणा म्हणत होतो.

आणि भाषा. दोन वर्षांचं मूल बोलतं थोडं, पण त्याला कळतं सगळं. तिला कळायचं ते कानडीत. ती मला ‘अक्का’ म्हणायची, कारण तिकडे सांभाळणाऱ्या सगळ्याच अक्का होत्या. माझ्या सासऱ्यांना घरात अण्णा म्हणतात. पहिल्या आठवड्यात तिनं ‘अन्ना, अन्ना’ म्हटलं की अण्णा पेपर टाकून उठायचे, तिला उचलून गच्चीवर चिमण्या दाखवायला न्यायचे. आजोबांचा लळा लागला म्हणून आम्ही आनंदात. सासूबाई तेव्हा गावी गेल्या होत्या. चार दिवसांनी परत आल्या, दारातच त्यांनी ते ऐकलं आणि पिशवी न ठेवताच म्हणाल्या, ‘अगं, भात मागतेय ती!’ कानडीत अन्न म्हणजे भात. चार दिवस लेकरानं भात मागितला आणि आम्ही चिमण्या दाखवल्या. पोटभर पोळी-भाजी मिळत होती, उपाशी नव्हती ती. पण त्याची आठवण झाली की आजही माझ्या घशाशी काहीतरी येतं.

त्या दिवसापासून सासूबाई घरातल्या दुभाषी झाल्या. लग्न होऊन या घरात आल्यावर त्यांचं कानडी जवळजवळ बंदच पडलं होतं. बोलायला कुणी नव्हतं. पन्नास वर्षांनी ते एका दोन वर्षांच्या पोरीसाठी बाहेर आलं. सुरुवातीला त्या अडखळायच्या, मग रात्री भावाला फोन करून शब्द विचारून घ्यायच्या.

ती आली तेव्हा तिच्या अंगावर पिवळा फ्रॉक होता. बाह्यांना पांढरी लेस, एक बटण तुटलेलं. सोबत आलेल्या समाजसेविका ताईंनी बजावलं होतं की तो लगेच धुवू नका. तिथला वास त्याला आहे, आणि या घरात तिच्या ओळखीचं तेवढंच आहे. नऊ दिवस तो फ्रॉक धुतला नाही. अंघोळीनंतर नवा फ्रॉक घातला तरी पिवळा हातात लागायचा, रात्री नाकाशी धरूनच झोपायची. पाहुण्यांत कुणीतरी तोंडावर म्हणालं, ‘अगं, निदान लेकराचे कपडे तरी धू.’ मी काही बोलले नाही. दहाव्या दिवशी तिनं तो स्वतः बादलीत टाकला. त्यामागे काही विचार असेल असं नाही, माझं बघून टाकला असेल. मी मात्र दार लावून घेतलं आणि थोडा वेळ बाथरूममध्येच थांबले.

साधारण दोन महिन्यांनी, श्रावणात, एका संध्याकाळी मी तिला वरणभात भरवत होते. तिनं माझा हात ढकलला. भात जमिनीवर सांडला. माझ्याकडे बघितलं, अगदी रोखून, आणि म्हणाली, ‘ब्याडा!’

जतकडच्या कानडीत ब्याडा म्हणजे नको.

सासूबाई देवापाशी वाती वळत होत्या. त्या तशाच उठून आल्या, हाताला कापूस लागलेला. ‘काय म्हणाली? परत म्हण गं, परत म्हण.’ तिनं परत म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं, ओरडून. मी सांडलेला भात गोळा करत होते आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. या घरात ती पहिल्यांदा नको म्हणाली होती. नको म्हटल्यावरही ही माणसं आपल्याला ठेवून घेतील, एवढा भरवसा तिला आला होता.

मग पुढचं वर्षभर ब्याडाच चालला. बूट ब्याडा, वेणी ब्याडा, दूध ब्याडा, मी ऑफिसला जाणं तर सगळ्यात आधी ब्याडा. रात्री दोन-तीनदा उठून मी आहे ना ते चाचपून बघायची. अंथरुण झटकताना उशीच्या अभ्र्यात पोळीचा तुकडा सापडायचा, कधी अर्धं बिस्कीट. आम्ही रागावलो नाही. तिच्या हाताला येईल अशा फडताळावर एक छोटा डबा ठेवला, त्यात चुरमुरे आणि शेंगदाणे. हा तुझा डबा, कधीही उघड. काही महिने ती दिवसातून दहादा उघडून नुसता बघायची आणि झाकण लावायची. आता त्यात बाहुलीच्या बांगड्या आहेत. याच काळात तुम्ही बघायला आलात की ती रडत असायची, वस्तू फेकत असायची, मला चिकटून बसायची, आणि तुम्ही जाताना म्हणायचात, ‘अजून रुळली नाही वाटतं.’ आमच्या लेखी ती तेव्हाच रुळत होती.

रजेचंही सांगायला हवं, कारण घरी लहान मूल आलं म्हणजे रजा मिळालीच असेल असं सगळ्यांना वाटतं. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं दत्तक आईला 12 आठवड्यांची प्रसूती रजा दिली, पण तेव्हा अट होती, मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. आणि बालन्याय कायद्यानुसार टाकून दिलेलं दोन वर्षांखालचं मूल सापडलं, तर ते दत्तकासाठी मोकळं जाहीर करायलाच दोन महिन्यांपर्यंतची मुदत असते, त्यापुढच्या वयाला चार महिन्यांपर्यंत. मग यादी, कागदपत्रं, प्रवास. तीन महिन्यांच्या आत मूल घरी येणार कसं? मी साठवलेली रजा वापरली, मग बिनपगारी काढली, मग सासूबाईंवर टाकून गेले. ज्या मुलाला नवी माणसं ओळखायची आहेत त्याला आईची गरज कमी असते, असा हिशेब मला मान्य नाही.

दुसरी एक गोष्ट. ‘नशीबवान हो पोर’ आणि ‘पुण्याचं काम केलंत’ ही दोन वाक्यं तिच्यासमोर नका बोलू, अशी हात जोडून विनंती आहे. तुम्ही चांगल्या मनानं बोलता. पण तिनं जन्मदात्री आई गमावली, मग सवयीच्या अक्का, मग भाषा, आणि हे सगळं अडीच वर्षं पुरी व्हायच्या आत. त्याला नशीब म्हणवत नाही. आणि आम्ही पुण्य कमवायला गेलो नव्हतो. आम्हाला मूल हवं होतं.

‘तिला सांगितलं का?’ असंही हळूच विचारता. लपवलेलंच काही नाही, मग सांगायचं असं वेगळं काय? रोज झोपताना ती ‘गाडीची गोष्ट’ मागते. बाबांनी गाडी कशी काढली, अक्कांनी तिला खिडकीतून टाटा कसा केला, वाटेत जतला थांबून आम्ही चहा घेतला तेव्हा ती झोपेत कशी हसली. एक शब्द चुकला तरी चालत नाही. ‘मी आईच्या पोटात होते, मग अक्काकडे, मग गाडीत,’ हे ती रिक्षावाल्या मामांनासुद्धा सांगते. ‘कुठल्या आईच्या?’ हा प्रश्न अजून यायचाय. येईल तेव्हा जेवढं ठाऊक आहे तेवढं खरं सांगू, आणि जन्मदात्रीबद्दल वाईट शब्द या घरात निघणार नाही. ‘खरी आई’ म्हणजे कोण, असं तुम्ही मला विचारता तेव्हा मात्र मी उत्तर देत नाही. ती बाईही खरी आहे आणि मीही.

तिचं नाव आम्ही बदललं नाही. बारशाला नवं ठेवा असं बरेचजण म्हणाले. हाक मारली की ती ज्या नावाला वळत होती तेच ठेवलं, सासूबाईंनी कानात तेच पुन्हा सांगितलं. बाळवाडीत ‘जन्माचा फोटो आणा’ असं आलं, तेव्हा मी बाईंना भेटून आले. आमच्याकडे अकरा महिन्यांच्या आधीचा फोटो नाही. बाईंनी पूर्ण वर्गासाठीच ‘आवडता फोटो’ असं करून टाकलं. नवा डॉक्टर ‘घराण्यात दमा आहे का?’ विचारतो तेव्हा ‘माहीत नाही’ म्हणायचं आता जड जात नाही. दर सहा महिन्यांची समाजसेविका ताईंची भेट दोन वर्षांनी, नियमाप्रमाणे, संपली. शेवटच्या भेटीला लेकीनं त्यांची पर्स लपवून ठेवली, त्यांनी जाऊ नये म्हणून.

मला वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं. तिचं कानडी चाललंय. ‘नीर’ कधी ‘पाणी’ झालं ते आमच्या लक्षातही आलं नाही. भात आता भातच आहे, आणि अण्णा म्हणजे फक्त अण्णा. मलाही ‘अक्का’ म्हणणं थांबलं. ‘आई’ ऐकायला मी किती वर्षं थांबले होते, आणि तरी त्या दिवशी वाटलं की एक दार हळूच लागलं. ‘ब्याडा’ तेवढा टिकलाय, कारण आता तो आम्ही सगळेच वापरतो. अण्णासुद्धा दुसरी पोळी वाढायला गेलं की ‘ब्याडा’ म्हणतात.

सासूबाई मात्र सोडत नाहीत. रोज रात्री तिच्या शेजारी पाटावर बसतात आणि विचारतात, ‘ऊटा आतेन?’ म्हणजे जेवण झालं का. झालं असेल तर ‘आतु’ म्हणायचं. काल ताटात भेंडीची भाजी होती, जवळजवळ सगळीच शिल्लक. तिनं ताट हळूच पलीकडे सरकवलं, हात पाठीमागे घेतले आणि आज्जीच्या डोळ्यांत बघून म्हणाली, ‘आतु.’