जुन्या सागवानाचं टेबल, अपडेट ३: फळ्या चिरून झाल्या, आणि मशीनच्या भीतीबद्दल

नमस्कार मंडळी. मागचे अपडेट ज्यांनी वाचले नाहीत त्यांच्यासाठी पटकन सांगतो, लेकीसाठी स्टडी टेबल करतोय, टॉप पेठेतल्या एका पाडलेल्या वाड्याच्या दाराच्या सागवानी फळ्यांचा आणि पाय ४० बाय ४० एमएमच्या एमएस (साध्या पोलादाच्या) चौकोनी पाइपचे. आजची स्थिती अशी की खिळे काढून झाले, प्रत्येक फळीची एक बाजू आणि एक कड हातरंध्याने सरळ झाली, आणि या रविवारी सगळ्या फळ्या टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून गोल ब्लेड वर येतं त्या मशीनवर, चिरून झाल्या. पाइप कापायचं काम अर्धं बाकी आहे.

यावेळी मापं आणि सांधे बाजूला ठेवतो आणि टेबल सॉ आणि ग्राइंडरबद्दलच (हातात धरून डिस्कने लोखंड कापायचं मशीन) लिहितो. मेसेजमध्ये दोन टोकाचे प्रश्न येतात, कोणी म्हणतं दादा मला या मशीनची फार भीती वाटते, घेऊ का नको, आणि कोणी म्हणतं मला आता काही भीती वाटत नाही, गार्ड (पात्यावरचं संरक्षक झाकण) काढून टाकला तर चालेल का. मला खरी काळजी दुसऱ्या प्रकारची वाटते. भीती मला अजूनही वाटते, ती जावी अशी माझी इच्छा पण नाही, फक्त ती नुसती पोटात गोळा आणणारी भीती नको, तिला नेमकं ठिकाण पाहिजे. म्हणजे स्विच दाबायच्या आधी मला सांगता आलं पाहिजे की हे आत्ता अडकलं तर काय उडेल, कुठल्या दिशेने उडेल आणि माझा हात, पोट, चेहरा तेव्हा कुठे असेल. हे सांगता येत नसेल तर मी स्विच दाबत नाही.

थोडा हिशोब करून बघा. चार इंची ग्राइंडर साधारण ११,००० आरपीएमने (मिनिटाला इतके फेरे) फिरतो, म्हणजे सेकंदाला १८३ फेरे. डिस्कच्या कडेचा वेग निघतो ताशी २०० किमीच्या वर. माणसाला काहीतरी बिघडलंय हे कळून हात मागे घ्यायला पाव सेकंद तरी जातो, तेवढ्यात डिस्क ४५ वेळा फिरून गेलेली असते. म्हणून "मी सावध असतो" हे वाक्य मला पटत नाही. सावध असलंच पाहिजे, पण सावधपणाचा वेग मशीनच्या वेगाला पुरत नाही, जे काय करायचं ते स्विच दाबायच्या आधीच करून ठेवायला लागतं.

आता फळ्यांकडे येतो. वाड्याचं जुनं सागवान म्हणजे रंग, रेषा, वास सगळं अप्रतिम, पण आत काय दडलंय ते सांगता येत नाही. दाराच्या फळ्यांत बिजागऱ्यांचे जाडजूड खिळे, कडी-कोयंड्याच्या जागा, वरून नंतर कोणीतरी कॅलेंडर नाहीतर तोरण लावायला मारलेल्या चुका (बारीक खिळे), आणि निम्म्यांची डोकी तुटलेली, म्हणजे वरून दिसत नाही आणि आत अर्धा इंच लोखंड तसंच. टिंबर मार्केटमध्ये चिरून मिळेल का विचारलं तर खिळ्यांचं लाकूड म्हटल्यावर नाही म्हणाले आणि त्यांचं बरोबर आहे, एक खिळा लागला तरी त्यांच्या पात्याची वाट लागते. घरी तर ब्लेडच्या दाताला लावलेला कार्बाइडचा, म्हणजे फार कठीण पदार्थाचा, तुकडा सुटून उडू शकतो. म्हणून मी लोहचुंबक दोऱ्याला बांधून प्रत्येक फळीवरून फिरवला, मग हातातला छोटा मेटल डिटेक्टर फिरवला, आणि जिथे लाकूड गोल काळं पडलंय तिथे पटाशीने उकरून बघितलं. हे काम अत्यंत कंटाळवाणं आहे आणि सगळ्यात जास्त वेळ यातच गेला. गेला तर गेला.

त्यानंतर हातरंधा. जुनी फळी पिळलेली असते, टेबलावर ठेवली की डुगडुगते. अशी फळी तशीच टेबल सॉवर घातली तर कापता कापता ती डुलते, ब्लेडला चिकटते आणि किकबॅक होतो, म्हणजे फळी उलटी आपल्यावर फेकली जाते. किकबॅक हा शब्द सगळे वापरतात पण तो नेमका होतो कसा हे ज्याला माहीत आहे त्याचीच भीती कामाची, म्हणून सविस्तर लिहितो. टेबल सॉच्या ब्लेडचे पुढचे दात, म्हणजे आपल्याकडचे, खाली टेबलाकडे जातात, ते लाकूड दाबून धरतात, तिथे त्रास नाही. मागचे दात मात्र वर येतात आणि वरून आपल्याच दिशेला फिरतात. कापलेली फळी त्या मागच्या दातांना टेकली की ते तिला उचलतात आणि सरळ आपल्या पोटावर फेकतात. दहा इंची ब्लेड ४,८०० आरपीएमला फिरत असेल तर कडेचा वेग ताशी २३० किमीच्या आसपास, फळी त्याच्या जवळपास जाणाऱ्या वेगाने येऊ शकते. त्याहून वाईट म्हणजे फळीवर ठेवलेला हात फळीबरोबर मागे ब्लेडकडे ओढला जाऊ शकतो.

फळी मागच्या दातांना टेकते कशी, तर फेन्स (फळी जिला टेकवून सरकवतो ती सरळ कड) ब्लेडला समांतर नसेल तर, फळी फेन्सपासून सुटली तर, आणि लाकडातला जुना ताण मोकळा होऊन काप मागून मिटला तर. वर्षानुवर्षं चौकटीत आवळून बसलेल्या दाराच्या फळीत हा तिसरा प्रकार व्हायची शक्यता भरपूर. त्यासाठीच ब्लेडच्या मागे ती पातळ पोलादी पट्टी असते, रिव्हिंग नाइफ, ती कापात शिरून काप मिटू देत नाही आणि लाकूड मागच्या दातांपर्यंत पोचू देत नाही. कोणीतरी ती काढून ठेवतो कारण खाच मारताना वरचा गार्ड आड येतो, आणि मग दोन्ही कायमचे कपाटात. गार्ड काढायचा असेल तर एकवेळ कामापुरता काढा पण पट्टी राहू द्या, ब्लेडच्या उंचीपेक्षा किंचित खाली असते ती, बहुतेक कामात आड येत नाही.

म्हणूनच प्लायला भोक पाडून खालून सर्क्युलर सॉ उलटा लावायचा जो जुगाड सगळीकडे चाललाय त्याला माझा साफ विरोध आहे. त्यात बहुतेक वेळा पट्टी नाही, गार्ड नाही, फेन्स म्हणजे क्लॅम्पने धरलेली एक फळी, आणि स्विच टेबलाच्या खाली नाहीतर चिकटपट्टीने कायमचा दाबून ठेवलेला. पैसे वाचतात हे मान्य. ज्यांना टेबल सॉ परवडत नाही त्यांनी सर्क्युलर सॉ सरळच धरावा, फळीवर सरळ पट्टी क्लॅम्प करावी आणि खाली थर्माकोलचा जाड तुकडा घालून कापावं, काप सुंदर येतो आणि ब्लेड आपल्याकडे तोंड करून उभं नसतं.

माझी चिरायची पद्धत लिहून ठेवतो. फेन्स उजवीकडे, मी ब्लेडच्या रेषेच्या डावीकडे उभा, म्हणजे फळी आलीच तर बाजूने जाईल. ब्लेड फळीच्या जाडीपेक्षा थोडंसंच वर. शेवटचा वीतभर भाग हाताने कधीच नाही, पुश स्टिकने (ढकलायची काठी), आणि ती स्टिक मशीन चालू करायच्या आधीच उजव्या हाताशी. फळी ब्लेडच्या पूर्ण पलीकडे जाईपर्यंत ढकलायची, मध्ये सोडायची नाही. हातमोजे नाहीत. याच्यावर वाद होतो पण फिरणाऱ्या पात्याने मोजा पकडला तर तो हाताला सोबत घेऊन जातो, नुसत्या कातडीला लागलेलं निदान तिथेच राहतं. मनगटावरचा पूजेचा धागा, कडं, घड्याळ, लोंबणारी बाही, सगळं काढून. घरातली बाई, मुलगी कोणी मदतीला असेल तर ओढणी काढून आणि केस घट्ट बांधून.

अमेरिकेत सॉस्टॉप म्हणून टेबल सॉ येतो, स्टीव्ह गॅस या भौतिकशास्त्र शिकलेल्या पेटंट वकिलाने १९९९ मध्ये त्याची कल्पना काढली. ब्लेडला कातडी टेकली की विजेच्या सिग्नलवरून मशीनला कळतं आणि अॅल्युमिनियमचा ठोकळा ब्लेडमध्ये घुसून ५ मिलिसेकंदाच्या आत ते थांबवतो, तेवढ्यात ब्लेड अर्धा फेरासुद्धा फिरत नाही. ठोकळा आणि ब्लेड दोन्ही बाद होतात, बोटावर ओरखडा राहतो. मला या गोष्टीचं फार कौतुक आहे. पण किकबॅकला त्याचा उपयोग नाही, त्यासाठी तीच साधी पट्टी लागते.

ग्राइंडर. माझ्या मते छंदवाल्यांच्या घरातलं सगळ्यात धोकादायक मशीन हेच, कारण स्वस्त, हातात मावणारं, आणि त्याच्यावर काहीही लावता येतं. चार इंची ग्राइंडरवर लाकूड कापायचं दातेरी टीसीटी (कार्बाइडचे दात लावलेलं) ब्लेड लावून काम करणारे आपण सगळ्यांनी पाहिलेत, प्रत्येक साइटवर दिसतं. माझी विनंती आहे, नका करू. ग्राइंडरला टेकायला बेस नाही, मागे पट्टी नाही, गार्ड आहे तो घासणाऱ्या डिस्कसाठीचा. दात लाकडात रुतला की मशीनच उसळतं, आणि उसळून कुठे जाईल ते धरणाऱ्याच्या हातात राहत नाही. सुतारकाम करणारे रोज करतात आणि त्यांना काही होत नाही असं कोणी म्हणेल, तर त्यांच्यातल्या अनुभवी लोकांच्या हातांकडे एकदा नीट बघावं.

दुसरं, मोठी डिस्क. रेझिनच्या कटिंग डिस्क साधारण ८० मीटर प्रति सेकंद या कडेच्या वेगापर्यंत चालवायच्या असतात, म्हणून १०० एमएम डिस्कवर जवळपास १५,३०० आरपीएम छापलेलं असतं आणि १८० एमएमवर ८,५००. गार्ड काढून सात इंची डिस्क चार इंची मशीनवर बसवली तर ती ११,००० ने फिरणार, म्हणजे १०० मीटरच्या वर. फुटलीच तर तुकडे कुठे जातील ते गार्ड ठरवतो, आणि तो तर काढलाय. आणि डिस्कला एक्स्पायरी असते, मधल्या धातूच्या रिंगवर छापलेली, ओल धरलेली किंवा पडलेली डिस्क तर सरळ टाकून द्यायची. जुन्या बाजारातून मशीन बघून घ्या, डिस्क घेऊ नका.

पाइप कापताना मी पाइपचा कापून पडणारा तुकडा मोकळा लोंबता ठेवतो, म्हणजे काप उघडत जातो. दोन्ही बाजूंनी आधार देऊन मध्ये कापलं की काप मिटतो आणि डिस्क आवळली जाते. साइड हँडल लावलेलं, डिस्कच्या रेषेत चेहरा नाही, गॉगल आणि वर फेस शील्ड. नवीन डिस्क लावली की कोणी समोर नाही बघून अर्धा-एक मिनिट रिकामी फिरवतो. ठिणग्यांचं पण महत्त्वाचं आहे, माझी जागा म्हणजे पार्किंगला लागून असलेली छोटी खोली, तिथेच सागवानाचा भुसा. ठिणगी भुशात पडून तासन्‌तास धुमसते आणि आपण वर जाऊन जेवून झोपतो. म्हणून लाकूड आणि लोखंड एका दिवशी कधीच नाही, लोखंड बाहेर उघड्यावर आणि पाण्याची बादली शेजारी.

विजेचं. टेबल सॉ १,८०० वॅटचा, २३० व्होल्टला जवळपास ८ अँपिअर, सुरू होताना त्याहून बरंच जास्त. १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ स्क्वेअर एमएमची वायर, अर्थिंग तपासलेलं, आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच). पुण्यातल्या तापकीर गल्लीत हे सगळं एका फेरीत मिळतं. एक्स्टेंशनचा गुंडाळा पूर्ण उलगडून ठेवायचा, गुंडाळलेली वायर तापते. आणि आपल्याकडचा खास धोका म्हणजे लाइट जाणं. पावसात मध्येच लाइट जाते, आपण बरं झालं म्हणून चहा प्यायला वर जातो, स्विच तसाच चालू, आणि लाइट आली की खोलीत कोणी नसताना किंवा नेमका कोणाचा तरी हात ब्लेडपाशी असताना मशीन सुरू. लॉक होणाऱ्या स्विचचा ग्राइंडर तर जमिनीवर नाचायला लागतो. लाइट गेली की आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर, मग चहा. टेबल सॉला नो-व्होल्ट रिलीज स्विच लावून घेणार आहे, लाइट परत आली तरी बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू होत नाही.

ब्लेड बदलतानाची सवय मला भवानी पेठेतल्या एका मिस्त्रीकाकांकडून लागली. ते नुसता स्विच बंद करत नाहीत, प्लग काढतात आणि तो समोर फळीवर, डोळ्यांना दिसेल असा ठेवतात. मी विचारलं तर म्हणाले, "अहो, मागे लोंबत राहिला तर तो काढलाय का लावलाय ते कोण बघतंय? समोर असला म्हणजे खात्री." तेव्हापासून मी पण तसंच करतो, आता लेकसुद्धा खोलीत आली की आधी प्लग कुठाय बघते आणि मगच "बाबा, येऊ का" म्हणते. तिची जागा दारापाशी ठरलेली आहे आणि मशीन चालू असताना तिने किंवा कोणीही मला पाठीमागून हात लावायचा नाही, समोर येऊन दिसेपर्यंत थांबायचं.

कान आणि नाक याबद्दल थोडक्यात. १०० डेसिबलच्या आसपास आवाज असला तर नायॉश या अमेरिकी कामगार-आरोग्य संस्थेच्या हिशोबाने दिवसात १५ मिनिटंच चालतात, त्यामुळे इअरमफ्स कायम. आणि लाकडाचा भुसा १९९५ पासून आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेच्या ग्रुप १ मध्ये आहे, म्हणजे माणसाला कॅन्सर करणारा हे नक्की झालेलं. सागाच्या बारीक धुळीसाठी रुमाल बांधून भागत नाही, एन९५ लावा.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी हत्यारं पाटावर मांडून पूजा होते, आजोबांची पटाशी आणि रंधा, आणि आता त्यांच्या शेजारी ग्राइंडर आणि टेबल सॉचं ब्लेड. त्या दिवशी मशीन चालवायचं नसतं. मी झेंडू वाहायच्या आधी प्रत्येक गोष्ट हातात घेऊन बघतो, कार्बन ब्रश झिजलेत का, वायरला चीर आहे का, डिस्कची तारीख गेलीय का, ब्लेडचा दात उडालाय का. जे नापास ते पाटावर जात नाही. हे मी मनापासून करतो, हात जोडताना ज्याच्यापुढे जोडतोय ते नीट बघितलेलं असावं असं मला वाटतं.

पुढचं काम, उरलेले पाइप कापून वेल्डिंगला देणे, फळ्यांच्या कडा हातरंध्याने जुळवून टॉप चिकटवणे, मग राउटरने (फिरत्या बिटने कडा घडवायचं मशीन) कड गोल करणे. राउटरचं बिट २५,००० च्या वर फिरतं आणि बाहेरच्या कडेला ते डावीकडून उजवीकडेच न्यायचं, उलट नेलं की पळून जातं, त्याबद्दल टॉप झाल्यावर लिहितो.

एक मदत पाहिजे. माझ्या सॉची रिव्हिंग नाइफ २.३ एमएम जाड आहे. पट्टी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दातांनी पडणाऱ्या कापाच्या रुंदीपेक्षा पातळ असायला लागते, म्हणजे मला २.३ पेक्षा पातळ पत्रा आणि २.३ पेक्षा रुंद काप असलेलं ब्लेड हवंय, दहा इंची, चिरायचं, २४ दातांचं. बोहरी आळीत जी पातळ ब्लेडं दाखवली त्यांचा काप १.८ चा निघाला, त्यात फळी पट्टीवरच अडकेल. दुकानदार म्हणाले पट्टी काढून टाका. ते मी करणार नाही. २.६ ते २.८ कापाचं ब्लेड पुण्यात कोणाला मिळालं असेल तर दुकान सांगा, व्हर्नियरने मोजलेलं असेल तर फारच उत्तम.