फोन वाजला की मी खोली नंबर बारामध्ये

जर्मनीत आल्यावर पहिले आठ महिने मी वॉर्डातला फोन उचलला नाही. एकदाही नाही. तो वाजायला लागला की नेमकं मला बारा नंबरमधल्या आजींना पाणी द्यायचं आठवायचं. आजी त्या काळात भरपूर पाणी प्यायल्या.

जर्मन येत नव्हती असं नाही. पुण्यात जर्मनच्या बी-टू पातळीची परीक्षा पास होऊनच निघाले होते. पण परीक्षेतली जर्मन वेगळी आणि श्टुटगार्टजवळच्या या गावातली श्वेबिश बोली वेगळी. पुस्तकातली मराठी शिकून कुणी थेट मालवणच्या मासळीबाजारात उभं राहावं, तशी माझी गत. समोर माणूस असला की चेहरा, हातवारे, काहीतरी धागा सापडतो. फोनवर नुसता आवाज.

सांगलीत सहा वर्षं आयसीयू केलेली मी, इथे माझ्या नर्सिंगच्या शिक्षणाला मान्यता दिल्याचा कागद येईपर्यंत मदतनीस होते, कमी पगारावर. रुग्णाला अंघोळ घालणं, भरवणं हे इथे नर्सचंच काम. आपल्याकडे ते नातेवाईक नाहीतर मावशी करतात. त्याचा कमीपणा मला कधी वाटला नाही. उलट अंग पुसताना रुग्णाची त्वचा, श्वास, दुखणं जेवढं कळतं तेवढं फाईल वाचून कळत नाही. कमीपणा वाटायचा तो फोन वाजल्यावर. आधी बोली समजू दे, व्याकरण पक्कं होऊ दे, मग उचलू, असं मी स्वतःला सांगत होते.

मान्यता आली आणि पुढच्याच तक्त्यात नाइट लागली. रात्री आमच्या वॉर्डात नर्स एकटी. पळून जायला बारा नंबर होता, पण फोन उचलायला दुसरं कुणी नव्हतं.

पहाटे तीनच्या सुमाराला वाजला. लॅबमधून. एका रुग्णाचं पोटॅशियम 6.4. एवढं वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे मला कुठल्याही भाषेत माहीत होतं. मी म्हटलं, "जरा सावकाश सांगा, लिहून घेते." हे वाक्य मी खिशातल्या चिठ्ठीवरून वाचलं, हे त्या माणसाला कधीच कळणार नाही. नाव एकेक अक्षर करून घेतलं, जन्मतारीख घेतली, सगळं परत वाचून दाखवलं. जर्मन आकड्यांत एकक आधी येतो, पाच-आणि-चाळीस; इंग्रजीच्या सवयीने माणूस हमखास चुकतो. पण आपलं पंचेचाळीस तरी वेगळं काय आहे? त्या रात्री मी इंग्रजी बाजूला ठेवली आणि मराठीत ऐकलं.

मग ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन. ते अस्सल इथलेच. म्हणाले, लगेच ईसीजी काढा, मी येतोच, आणि रक्त परत पाठवा, रिपोर्ट मला 'ड्रायफिअर्टेल फिअर'पर्यंत हवा. शब्दशः पाऊण चार. पुस्तकात ही वेळ वेगळ्या तऱ्हेने शिकवतात, पण ज्या घरात पावणेचारला चहा होतो तिथल्या मुलीला हे समजवायला लागत नाही.

ईसीजी नॉर्मल. दुसरा रिपोर्ट 4.7. पहिल्या नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या होत्या, म्हणून आकडा चढला होता. थोडक्यात, मी कुणाचाही जीव वाचवला नाही. सहाच्या ड्यूटीला आलेल्या सहकारिणीला हँडओव्हर दिला. तिने मान हलवली आणि कॉफी ओतली. बस.

पुढचा फोन उचलतानाही हात थरथरलेच. दोन-तीन आठवड्यांनी कधीतरी थरथरायचे राहून गेले, नेमकं केव्हा ते आठवत नाही. गंमत म्हणजे जी बोली समजायची मी वाट बघत होते, ती आजही मला अर्धीच समजते.

म्हणून या वर्षी 'प्राक्सिसआनलाइटर'च्या कोर्सला अर्ज टाकला. म्हणजे शिकाऊ नर्सना वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकवणारी नर्स. 300 तासांचं प्रशिक्षण असतं. आईला सांगितलं तर म्हणाली, "अगं, तुलाच अजून नीट बोलता येत नाही ना त्यांचं?" खरं आहे. अर्जातही दोन चुका होत्या, पाठवून झाल्यावर दिसल्या. तरी निवड झाली.

पुढच्या मंगळवारी वर्गासमोर माझं पहिलं प्रात्यक्षिक आहे. विषय: हात कसे धुवावेत. वाक्यं पाठ आहेत, 'डेर-डी-डास', म्हणजे जर्मन नामांची लिंगं, अजून चुकतंय.